लिंडरवेर्डच्या स्वातंत्र्यवृक्षास माझे अंगण

मी, मृदुला श्रीकांत खातू, वय त्रेपन्न, मूळ राहणार गुहागर, हल्ली मुक्काम लिंडरवेर्ड, युट्रेख्टहून बसने तासाभरावर, नेदरलँड्स, असे लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे. ते एरवीही असते यावर सर्वांचे एकमत नाही. परंतु घरच्या डॉक्टरांनी तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. लॉकडाऊनमध्ये दडपण आणायला घरी येणार कोण?

निमित्त हृदयाच्या एका झडपेचे आहे. करोनामुळे तीनदा पुढे ढकललेले ऑपरेशन येत्या गुरुवारी होणार आहे. सर्जन म्हणाले, "काळजीचं काही कारण नाही, फक्त कागदपत्रं आवरून ठेवा." डच माणूस दिलासा आणि सूचना एकाच वाक्यात उरकतो.

मिळकतीचा रीतसर दस्त नोटरीकडे झाला आहे. कोणाला काय ते त्यात आहे. का ते नाही. नोटरी म्हणाला, कारणांना कलम नसते. म्हणून हा मराठी कागद. दोहोंत तफावत आढळल्यास मिळकतीपुरता डच कागद खरा धरावा, अपमानांपुरता हा.

कलम १. घर. चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस गेरिटचे घर व आमच्यामधले झुडपांचे कुंपण, पश्चिमेस कालवा, उत्तरेस चर्च, दक्षिणेस गावचा चौक. हे घर माझी बहीण नीला हिचा मुलगा अनुप यास द्यावे. अनुप आइंटहोवनला असतो. चिप बनवणारी यंत्रे बनवतो. मुलगा गुणी आहे, पण गेल्या उन्हाळ्यात चौकाकडच्या माझ्या अंगणात उभा राहून म्हणाला, "मावशी, हे सगळं फरशी घालून सपाट केलंस ना, तर दोन गाड्या आरामात बसतील."

"माझ्याकडे सायकल आहे."

"तुझ्यासाठी नाही गं, रिसेल व्हॅल्यूसाठी!"

सबब घर अनुपला, अंगण वगळून. वगळलेल्या अंगणाचे काय, ते कलम ४ मध्ये. अनुपने रागावू नये. रागावल्यास मराठीत रागवावे, सराव राहील.

कलम २. अवजारे व किरकोळ. विळी नीलाला. तिने ती विमानतळावर हँडबॅगेत घालू नये. माझ्या लेखांची कात्रणे कोणालाच देऊ नयेत. ज्यांच्याविषयी ती आहेत ते सर्व हयात आहेत.

कलम ३. देवदत्त मोहिले. हे बाडहूव्हडॉर्पला राहतात, विमानतळावर मालवाहतुकीचे काम पाहतात आणि आमच्या भागातल्या मराठी मंडळाचे अध्यक्षपद सांभाळतात. निवडणूक झाल्याचे कोणाला आठवत नाही. मी एका दिवाळी अंकात एका अध्यक्षावर लिहिले होते, जो गणपतीची आरती थांबवून स्वतःचे भाषण सुरू करतो. नाव दिले नव्हते. यांनी भर सभेत उभे राहून "हा मीच आहे" असे जाहीर केले आणि मला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढले. त्यानंतर आमचे बोलणे नाही. मात्र दुसरा साक्षीदार म्हणून तयार झालेल्या शेजारच्या गेरिटने आग्रह धरला की साक्षीदारांपैकी निदान एकाला मराठी वाचता आली पाहिजे. ओळखीतले बाकीचे सगळे खोकत होते. तेव्हा मी फोन केला.

"साक्षीदार? मी?" देवदत्त म्हणाले. "तुम्हाला माणसं मिळाली नाहीत का?"

"साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, मोहिले. म्हणून तुम्ही."

"तुमच्या स्वभावाला धरूनच आहे, मृदुलाबाई. किती वाजता येऊ?"

त्यांना काहीही देऊ नये.

कलम ४. अंगण, आणि नारळाविषयी सत्य. हे कलम लांबणार आहे.

१७९५ च्या जानेवारीत या देशात क्रांती झाली. फ्रेंच फौज गोठलेल्या नद्यांवरून चालत आली, ऑरेंज घराण्याचा सत्ताधीश बोटीत बसून इंग्लंडला गेला, आणि लिंडरवेर्डच्या नागरिकांनी चौकात स्वातंत्र्यवृक्ष लावला. शेजारी खांबावर क्रांतीची खूण म्हणून टोपी चढवली, जिन प्यायली, फेर धरला. अठरा वर्षांनी ऑरेंज घराणे परतले, तेव्हा त्याच नागरिकांनी तोच वृक्ष तोडून सरपण केले आणि पुन्हा जिन प्यायली. मला हे गाव आवडण्याचे कारण हेच. पुढे क्रांतीच्या शताब्दीला शाळामास्तरांनी दुसरे झाड लावले, ते २००९ च्या वादळात आडवे झाले. २०१० साली गावच्या इतिहास मंडळाने तिसरे लावले, लिंडनचे. मंडळाचे अध्यक्ष गेरिट, भूगोलाचे निवृत्त शिक्षक, माझे पूर्वेकडचे शेजारी. आज वय एकोणऐंशी.

मी त्याच वर्षी सभासद झाले. मंडळाचे सरासरी वय सत्तरच्या खाली आणले, एवढेच माझे ऐतिहासिक कार्य. झाड लावायच्या दिवशी गेरिट म्हणाला, "प्रत्येकाने काहीतरी घेऊन या." बाकीच्यांनी केक आणले. मी नारळ नेला. आपल्याकडे काही नवे सुरू झाले की नारळ फुटतो, मग स्कूटर असो की संगणक. झाडाने काय पाप केले? चौकातल्या दगडी पायरीवर मी तो फोडला. खजिनदार बाईंनी कॉफीबरोबर प्रत्येकाला एकेक तुकडा दिला. दुसरा कोणी मागितला नाही.

पुढच्या वर्षी गेरिटने विचारले, "नारळ आणणार ना?" त्यानंतर तो कार्यक्रमपत्रिकेत आला. मग "परंपरेप्रमाणे नारळ" झाला. आणखी काही वर्षांनी "१७९५ पासूनच्या परंपरेप्रमाणे". मी दर वेळी कुंपणावरून सांगत आले आहे की गेरिट, तो नारळ माझा आहे, अ‍ॅम्स्टरडॅमच्या तुर्की दुकानातला.

"ईस्ट इंडिया कंपनीच्या एखाद्या खलाशाने १७९५ ला आणला असणार," गेरिट म्हणतो.

"नद्या गोठलेल्या होत्या. जहाज कुठून येणार?"

"त्याच्या आधी आलं असेल."

"मग नारळ आतून सडला असता."

"मृदुला, तू फार विनयशील आहेस."

माझ्यावर विनयाचा आरोप आयुष्यात हा एकच.

इथवर गंमत होती. गेल्या वर्षी खेमेन्तेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, चौकात सायकलतळ करायचे ठरवले आणि झाड जाणार असे पत्र आले. गेरिटने झाडाला संरक्षण मागणारा अर्ज केला. खेमेन्तेचे उत्तर: झाड दहा वर्षांचे आहे, त्यात जतन करण्यासारखे काय? तेव्हा गेरिटने लिहिले की झाड तरुण असले तरी विधी जुना आहे. लिंडरवेर्डमध्ये १७९५ पासून दर जानेवारीत स्वातंत्र्यवृक्षापाशी नारळ फोडला जातो, अखंड. वारसा खात्याच्या बाई हरखून गेल्या. फेब्रुवारीत निर्णय आहे, आणि नारळामुळे झाड वाचणार असे सगळे म्हणतात. पाटीचा मजकूरसुद्धा तयार आहे.

गेरिटने हे झाड रोपापासून वाढवले आहे. दुष्काळी उन्हाळ्यात रोज बादलीने पाणी घातले. खरे सांगितले तर त्याचे झाड जाते. न सांगितले तर, मी आहे तोवर निदान कुंपणावरून वाद तरी घालता येतो. गुरुवारी माझे काही झाले की सांगणारे कोणी उरणार नाही आणि माझा नारळ कायमचा १७९५ चा होईल. तीस वर्षे मी लोकांच्या थापा पकडून छापल्या. मेल्यावर स्वतःच एक थाप होऊन चौकात पाटीवर उभे राहायची माझी तयारी नाही. आणि या गावाला खोट्या विधीची गरजही नाही. ज्यांनी नाचून झाड लावले त्यांनीच ते चुलीत घातले, यापेक्षा चांगला इतिहास कोणत्या गावाकडे आहे? तेवढे पाटीवर लिहा. लोक थांबून वाचतील.

म्हणून: माझे चौकाकडचे अंगण मी लिंडरवेर्ड इतिहास मंडळास कायमचे देत आहे. अकरा वर्षांचे लिंडन मुळांसकट हलवता येते, हे मी झाडे हलवणाऱ्या एका माणसाला विचारून घेतले आहे. अंगणात ते लावावे. तिथे त्याला कोणाला आपले वय सिद्ध करून दाखवावे लागणार नाही. अट एकच: गेरिटने अर्जातले ते वाक्य खोडावे. नोटरीच्या दस्तातही ही अट आहे. मी वाचले तर हेच अंगण याच अटीवर हयातीत देईन, तेव्हा गेरिटने माझ्या मरणाची वाट पाहू नये.

वृक्षाचा स्मरणदिन, म्हणजे दर वर्षीचा नारळाचा दिवस, येत्या रविवारी आहे. नियमानुसार बाहेर दोनच माणसे जमू शकतात आणि मी हॉस्पिटलात असेन. नारळ झाला नाही तरी चालेल.

सहीपूर्वी जे घडले त्याची नोंद. ऑपरेशनआधी मला कोणात मिसळायचे नाही, म्हणून मी खिडकीच्या आत आणि दोघे साक्षीदार बाहेर, एकमेकांपासून दीड मीटरवर. कागद दारातल्या टपालाच्या फटीतून दिला. देवदत्तांनी तो मास्क लावून, रस्त्यात उभे राहून, गेरिटसाठी डचमध्ये खड्या आवाजात वाचला. कलम ३ जरा हळू वाचले. कलम ४ ला गेरिटने टोपी काढली, कशासाठी ते त्यालाही माहीत नसावे, आणि शेवटपर्यंत हातातच धरली.

वाचून झाल्यावर तो झाडाकडे वळला.

"वाक्य खोडतो," तो म्हणाला. "उद्याच खेमेन्तेला पत्र टाकतो."

"माझ्या मरणाची वाट पाहू नकोस म्हटलंय. आपण—"

"पण नारळ सोडणार नाही."

"गेरिट, तो १७९५ चा नाही!"

"नसू दे. १७९५ ला मी नव्हतो. त्या काळाबद्दल मी जे जे सांगतो ते सगळं दुसऱ्यांनी लिहिलेलं आहे. नारळ फुटताना मात्र मी दर वर्षी हजर होतो, त्याला पुरावा लागत नाही. पाटीवर लिहू: २०१० पासून."

"पण यंदा फोडणार कोण?" मी विचारले. "तुला येत नाही. गेल्या वर्षी तू हातोडी आणली होतीस."

देवदत्तांनी घसा साफ केला. "दोन माणसांना परवानगी आहे ना? एक हे. मी बाडहूव्हडॉर्पहून येतो. मंडळाच्या गणपतीला दर वर्षी मीच फोडतो, एका घावात."

"तुम्हाला कोणी बोलावलेलं नाही, मोहिले. आणि भाषण अजिबात चालणार नाही."

"तुम्ही हॉस्पिटलात असणार, मृदुलाबाई. तुम्हाला विचारतंय कोण?"

गेरिटने काय चालले आहे ते विचारले. देवदत्तांनी भाषांतर केले. मला ऐकू आले त्यावरून भाषणाचा भाग त्यांनी गाळला. मग फटीतून परत आलेल्या कागदावर मी ही नोंद लिहिली. आता खिडकीशी तो धरून दोघांच्या देखत सही करते, आणि फटीतून पुन्हा बाहेर सरकवते.

स्थळ: लिंडरवेर्ड. रविवार, १७ जानेवारी २०२१.

मृदुला श्रीकांत खातू
(सही)

साक्षीदार: देवदत्त मोहिले, बाडहूव्हडॉर्प
(सही. बाईंची सही माझ्यासमोर झाली, हे खरे. कलम ३ मधील मजकूर खोटा. आरती थांबवली नव्हती, संपत आली होती.)

साक्षीदार: गेरिट फेरव्हाय, लिंडरवेर्ड
(सही. मराठी येत नाही, हे मोहिलेंनी लिहिले. ऐकून घेतले. २०१० पासून हजर. २०२२ च्या नारळासाठी लिहून देणारीची वाट पाहत आहे.)