माझ्या फॉन्टवर सगळ्यांचा डोळा

१८ नोव्हेंबर
फॉन्ट पूर्ण झाला. जुन्या काउबॉय सिनेमांच्या पोस्टरवर असायची तशी अक्षरं. जाडजूड, वर-खाली चौकोनी ठोकळे, जणू प्रत्येकाने बूट चढवलेत. असं काम आजवर कोणी केलेलं नाही. (इंटरनेटवर पाहिलं. बऱ्याच जणांनी केलंय. पण त्यांच्या बुटांत जीव नाही.)
आता जपायला हवं. बायकोलाही दाखवलेला नाही. ती सासरेबुवांची मुलगी आहे, आणि सासरेबुवांचा छापखाना आहे.

२० नोव्हेंबर, सकाळ
पहिलं गिऱ्हाईक! कोपऱ्यावरच्या नव्या सलूनची पाटी. रविवारी उद्घाटन. बायको म्हणाली, अहो, ही पाटी नीट झाली तर मी बाबांना सांगते की तुमचं काम घरूनच छान चाललंय. नाहीतर एक तारखेपासून छापखान्यात बिलबुकं जुळवायला बसा. मी म्हटलं, एक तारखेला माझी मुलाखत घ्यायला लोक येतील. म्हणाली, मग दाढी करून ठेवा. काहीतरी लपवतेय.

२१ नोव्हेंबर
लाकडी अक्षरं कापून घ्यायची तर मशीनवाल्याला फाईल द्यावी लागते. तो फोनवर म्हणाला, सगळी फाईल एकदम पाठवा, एका मापात कापून देतो. सगळी? याला सगळी कशाला हवी?
संध्याकाळी: तोडगा सापडला. अक्षरं तीन दुकानांत वाटायची. पुरती कोणाच्याच हाती लागणार नाहीत. पाटीवर काय लिहायचंय ते सांगायचं नाही. मापही नाही. मापावरून हुशार माणूस बरंच काही ओळखतो.

२२ नोव्हेंबर
तिन्ही दुकानं केली. पहिला म्हणाला, साहेब, उंची किती ठेवू? म्हटलं, शोभेल तेवढी. दुसरा म्हणाला, जाडी? म्हटलं, तुमच्या अंदाजाने. तिसऱ्याने काहीच विचारलं नाही. म्हणजे यालाच सगळं माहीत असणार. त्याच्या दुकानासमोर पाळत ठेवून उभा राहिलो. दुपारी त्याने बाहेर येऊन मला खुर्ची दिली. किती बेरकी!

२४ नोव्हेंबर, शनिवार
अक्षरं आली. एस हातभर, ए वीतभर, एल त्याच्याही निम्मा. प्लायवूडचे रंग तीन. तिघांनी संगनमत केलंय, नाहीतर इतकं जमवून कसं चुकेल?
सलूनवाला शिडी धरून उभा होता. म्हणाला, दादा, ही पाटी आहे की घरातल्या सगळ्यांचा ग्रुप फोटो? मी समजावलं, जुन्या पोस्टरवर लहानमोठी अक्षरंच असायची, नजर तयार व्हायला वेळ लागतो. म्हणाला, माझ्याकडे उद्या सकाळपर्यंतच आहे.

२५ नोव्हेंबर, रविवार
सहज म्हणून पलीकडच्या फुटपाथवरून गेलो. पाटी लागली होती. सरळ, सपाट, कुठल्याही कॉम्प्युटरमध्ये मिळणारी अक्षरं. सासरेबुवांनी घाईघाईने छापून दिली. फोन बायकोनेच केला होता. विचारलं तर म्हणाली, अहो, त्या बिचाऱ्याचं उद्घाटन होतं.
तेव्हा सगळा कट ध्यानात आला. मला छापखान्यात नेऊन बसवायचं आणि फॉन्ट लाटायचा. ठीक आहे. जातो. तिथेच रंगेहाथ पकडतो.

१ डिसेंबर
छापखान्यात बसलो. मुलाखतीला कोणी आलं नाही. पत्ता बदलल्यामुळे असेल. सापळा लावला. फॉन्टची फाईल सगळे वापरतात त्या कॉम्प्युटरवर अगदी समोर ठेवली. पासवर्ड नाही. बिलबुकं जुळवता जुळवता कोपऱ्यातून नजर ठेवली.

४ डिसेंबर
अजून कोणी उघडलेली नाही. मुरलेले चोर दिसतात. फाईलचा आयकॉन जरा मोठा करून स्क्रीनच्या मधोमध आणला. निघताना मीच मशीनमनला म्हटलं, तिथे माझी एक खास फाईल आहे, तिला हात लावू नका.
तो म्हणाला, बरं.

७ डिसेंबर
त्याने खरंच हात लावलेला नाही.