काड्यांनी केलेला आग्रह

९ जानेवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही ऐकून घेत नाही, म्हणून हे पत्र. सोबत एक पुडकं आहे. त्यातल्या लाकडी काड्या जेवायच्या आहेत. पाठ खाजवायला घेऊ नका.

झालंय असं, की याची आई अखेर यायला तयार झाली. हा म्हणजे तुम्ही ज्याचं मौनीबाबा असं नाव ठेवलंय तो. आमच्या कवळ्यांच्या कारखान्यात माझ्या समोरच्या बाकावर बसून दिवसभर मेणाचे दात कोरतो, तोच. पुढच्या महिन्यात त्या येणार आणि त्यांच्या देशातलं जेवण मिळतं अशा एका हॉटेलात आपण चौघं जेवणार. त्यांनी लग्नाला अजून हो म्हटलेलं नाही, बाबा. नाहीही म्हटलेलं नाही. मुलीच्या वडिलांबरोबर एकदा जेवते, मग सांगते, एवढंच म्हणाल्या. गेल्या वर्षी त्याचे वडील गेले, त्या एकट्या आहेत, आणि त्यांना दुखवून तो लग्न करणार नाही. म्हणजे जे काय ठरायचं ते त्या टेबलावर. माझा जीव थाऱ्यावर नाही. काल एका आजोबांच्या कवळीत दाढेच्या जागी सुळा बसवला.

तर नीट वाचा. खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात धरून अनामिकेवर टेकवायची, ती हलत नाही. वरची पेनसारखी धरायची, हलते ती तेवढी. भातात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, तसा भात मेलेल्या माणसापुढे ठेवतात. काडी कुणाकडे रोखून बोलायचं नाही. घास भोसकून उचलायचा नाही. चांगला तुकडा मिळावा म्हणून भांडं उकरायचं नाही. वाटी उचलून तोंडाशी नेली तर चालते. चहा आपल्या कपात आपण ओतून घ्यायचा नाही, शेजारच्याच्या कपात ओतायचा, म्हणजे तो आपल्या कपात ओततो.

रागावू नका, पण तुमचं जेवण मला माहीत आहे म्हणून धास्ती वाटते. पत्राची वाट बघते. माया आहेच, ती या पत्राने आटू देऊ नका.

तुमची,
भिंगरी

१८ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं, काड्या पोचल्या आणि माझी झोप गेली. बोटांना वळण लागेना. पहिल्या दिवशी शेंगदाणे उचलायला घेतले. त्यातला एक उडाला तो थेट शेजारच्या शिंप्याच्या चहात. तो आता रोज संध्याकाळी मशीन बंद करून तमाशा बघायला येतो आणि येताना कप झाकून आणतो. त्याने त्याच्याकडची बटणं दिली सरावाला. कोटाची मोठी बटणं जमली, शर्टाची अजून हातावर तुरी देतात. अंगठ्याच्या मुळाशी गोळा येतो. तरी सोडलेलं नाही.

हसू नकोस. जन्मभर मी छापखान्याच्या कॅन्टीनमध्ये वाढप केलं. शाईचे हात घेऊन माणसं बसायची, कुणाच्या ताटात काय संपलं ते मला लांबून कळायचं. जेवणाच्या टेबलाशी मी कधी बुजलो नाही. आता या वयात दोन काड्यांपुढे बुजलो. मनात एकच येतं. उद्या तुझ्या घरी जेवायला बसलो आणि मला त्यांच्यासारखं जेवताच आलं नाही, तर मी तिथे कायम पाहुणाच राहीन. चमचा मागणारा पाहुणा.

आणि एक गोष्ट तू लिहिलीच नाहीस. विहीणबाई नाही म्हणाल्या तर तू काय करणार? मी सारखा त्याच विचारात येरझाऱ्या घालतो. शिंपी म्हणतो, फरशी झिजेल.

काळजी घे. जेवत जा वेळेवर. या म्हाताऱ्याला विसरू नये, एवढीच विनंती.

तुझा,
बाबा

२७ जानेवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे. आधी त्यांना विहीणबाई म्हणणं थांबवा. मुळावरच येईल ते.

नाही म्हणाल्या तर काय करणार, हे मला माहीत नाही. विचारू नका. समोरच्या बाकावर रोज तोच बसलेला असणार, आणि मी रोज खाली मान घालून कवळ्यांचे दात घासत बसणार, इतकंच दिसतं.

काल त्याने एक गोष्ट सांगितली. तो आपण होऊन बोलला यावरूनच ओळखा. वडील गेल्यापासून त्याच्या आई कुणाबरोबर बसून जेवत नाहीत. सगळ्यांना वाढतात आणि मागाहून मोरीपाशी उभ्या उभ्या दोन घास गिळतात. कुणी काही वाढायला गेलं तर ताटलीवर हात धरतात. या हॉटेलात बसायला तयार झाल्या, तेच खूप. म्हणून हात जोडून सांगते, आग्रह नको. तुमच्या कॅन्टीनची सवय घरी ठेवून या. जेवा, हसा, गप्प बसा. मला तुमच्याबद्दल शंका नाही, पण धीर सुटतोय.

गाडीत खिडकीची जागा धरा. भेटीत सगळं बोलू. ओढ आहे, ती ओळखून घ्या.

भिंगरी

१२ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न.

जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर तुमची पिशवी नाही आणि अंथरूण घडी घालून ठेवलेलं. एक शब्द बोलून जायला काय झालं होतं?

मी रागात लिहिते आहे, पण लिहिलं नाही तर फुटेन. तुम्ही काय केलंत ते तुम्हाला कळलंच नाही. सुरुवातीला तुम्ही काड्या इतक्या छान धरल्यात की त्याच्या आईंनी भुवया उंचावून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या कपात तुम्ही चहा ओतलात, त्यांनी तुमच्या कपात ओतला. मला वाटलं, जमलं. जिंकलो. आणि मग तुम्ही टेबलाच्या मध्ये ठेवलेल्या माशाचा तो पोटाकडचा तुकडा काड्यांत धरून थेट त्यांच्या तोंडापुढे नेलात. त्यांनी ताटलीवर हात धरला, तरी तुम्ही हलला नाहीत. शेवटी त्यांच्या काड्या वर आल्या आणि तुमच्या काड्यांतला तुकडा त्यांच्या काड्यांत गेला.

बाबा, त्यांच्याकडे असं फक्त एकदाच करतात. माणूस जाळल्यावर त्याची हाडं राखेतून उचलतात तेव्हा. दोघं मिळून, काड्यांनी, एकाने दुसऱ्याच्या काड्यांत द्यायची आणि मग ती भांड्यात ठेवायची. गेल्या वर्षी त्यांनी आणि त्याने हेच केलं होतं.

त्यांचा चेहरा तुम्ही पाहिलात. तो तुकडा ताटलीत पडला, त्या उठल्या, तो त्यांच्या मागे गेला. तेव्हापासून तो कामावर येतो, मान खाली घालून मेण कोरतो, माझ्याशी बोलत नाही. तो न बोलण्याचाच माणूस, पण हे न बोलणं वेगळं आहे.

हा नियम मी तुम्हाला कळवला नव्हता. काड्यांवरून काड्यांवर कुणी काही देईल असं मला वाटलंच नाही. आग्रह करू नका एवढंच सांगितलं होतं, तेवढंही तुमच्याकडून झालं नाही.

पुढे लिहायला सुचत नाही.

भिंगरी

१७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि जागच्या जागी बसलो. शिंपी आला होता, त्याला परत पाठवलं. काही चुकलंय हे तिथेच कळलं होतं, काय ते कळलं नव्हतं. तुला तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून पहाटेच निघालो. ते चुकलंच.

माझी बाजू मांडत नाही, पण काय दिसलं ते सांगतो. बाईंनी मुलाला वाढलं, तुला वाढलं, मला दोनदा वाढलं. त्यांची स्वतःची ताटली कोरडी ठणठणीत. मासा संपत आला होता. समोरच्या माणसाची ताटली रिकामी आणि आपण खातोय, हे मला जन्मात जमलेलं नाही. बोलता येत नव्हतं, त्यांची भाषा मला येत नाही. हात तेवढा पुढे झाला.

आता पुढचं मौनीबाबाला वाचून दाखव. त्याचं मराठी मोडकंतोडकं आहे, पण एवढं त्याला कळेल. त्याने त्याच्या आईला सांगावं.

बाई, मला ठाऊक नव्हतं. मीही सावडलेलं आहे. हिची आई गेली तेव्हा, याच हातांनी. आमच्यात काड्या नसतात, बोटांनीच वेचतात. राखेवर पाणी शिंपडलं तरी आत ऊब असते. मनगटाचं एक छोटं हाड मी ओळखलं, कारण त्या हाताने मला वर्षानुवर्षं पोळी वाढली होती. नंतर किती तरी दिवस मी त्या बोटांनी जेवू शकलो नाही. कुणी समोर काही धरलं की तोंड फिरवायचो. तुम्हाला तेच आठवायला लावलं मी, आणि तेही हसत हसत. मला क्षमा करा. माझी शिक्षा मुलीला देऊ नका.

बस. काड्या मी धुऊन ठेवल्यात. तू सांगशील तर परत पाठवतो.

तुझ्या रागावर माझा हक्क आहे, तो दुसऱ्या कुणावर काढू नकोस.

बाबा

१ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

पाच ओळी लिहून तीनदा कागद फाडला. आता जसं झालं तसं लिहिते.

तुमचं पत्र मी त्याला जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवलं. त्याने पत्र घडी घालून खिशात ठेवलं. मी दुपारभर कवळीचे दात घासत होते आणि एकही धड झाला नाही. काल रविवारी दारावर टकटक झाली. बघते तर तो आणि मागे त्याच्या आई. माझ्या खोलीत खुर्ची एकच, त्या पलंगावर टेकल्या. पत्र त्यांच्याच हातात होतं. त्यांनी मला ते पुन्हा वाचायला लावलं आणि तो वाक्यावाक्याला त्यांच्या भाषेत सांगत गेला.

मनगटाच्या हाडाशी आल्यावर त्यांनी थांबवलं. तो भाग पुन्हा वाचायला लावला. मग विचारलं, की बोटांनी? भाजलं नाही का? मला काय माहीत, मी तेव्हा लहान होते, मला तिथे नेलं नव्हतं. आईच्या मनगटाचं तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत, बाबा. मी रडायला लागले. त्या रडल्या नाहीत. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि मनगटावर अंगठा ठेवून बसल्या.

मग त्या बोलल्या. तो म्हणाला, वर्षभरात आईला एवढं बोलताना त्याने ऐकलं नव्हतं. त्या दिवशी राखेपाशी त्याच्या काड्यांतून त्यांच्या काड्यांत जाताना एक तुकडा निसटला. त्यांना वाटत राहिलं, की आपलं माणूस आपल्या हातून खाली पडलं. तेव्हापासून कुणाच्या हातून काही घ्यायची त्यांना भीती वाटते. हॉटेलात तुमच्या काड्या पुढे आल्या तेव्हा तीच भीती वाटली. तुम्ही किती घट्ट धरला होता तो तुकडा, असं म्हणाल्या. त्यांच्या काड्यांत गेल्यावरच तो पडला.

लग्नाबद्दल त्या माझ्याशी अक्षर बोलल्या नाहीत. ती बोलणी त्या तुमच्याशीच करणार आहेत, मी आणि त्याने मध्ये तोंड घालायचं नाही, अशी ताकीद आहे. तेव्हा पुढच्या रविवारी या. हॉटेलात नाही. मासा त्या स्वतः करणार आहेत, माझ्याच शेगडीवर, आणि चौघांसाठी मी शेजारून खुर्च्या मागून ठेवल्यात. माझी धाकधूक अजून गेलेली नाही, ती तुम्ही दारात दिसल्यावरच जाईल.

तुमच्यासाठी त्यांनी निरोप दिलाय, आणि शब्द न बदलता लिही म्हणाल्या. काड्यांवर धरू नका, ताटलीत ठेवा. आणि मी पुरे म्हटलं तर ऐकू नका.

आता माया आम्हा सगळ्यांत वाटून करावी लागेल, याची तयारी ठेवा.

तुमची,
भिंगरी