वाती वळायला

आई, तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की आता तुझ्यावर रागवायचं म्हटलं तरी अवघडल्यासारखं होतं. तरी रागावलेय. हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहायचा धीर होतोय.

गेल्या महिन्यात डोंबिवलीत भाजी घेताना चक्कर आली आणि मी रस्त्यातच खाली बसले. रक्त तपासलं तर शुगर निघाली. डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणाला होती का? मी ठामपणे नाही म्हणाले. "चाळिशी उलटली ना, आता वेळेवर जेवा, नीट झोपा, डोक्याला त्रास कमी करा. आणि उपास बंद," ते म्हणाले. बाकी सगळं पटलं, पण नवरात्राचे नऊ दिवस सोडायला मन धजेना. ते तू दिलेले होते. लग्न ठरलं तेव्हा कोपरीच्या आपल्या स्वयंपाकघरात साबुदाणा भिजत घालता घालता तू म्हणाली होतीस, "एवढं माझं सांभाळ. मी एकदाही मोडलं नाही." मी सांभाळलं. दर वर्षी तिसऱ्या माळेपासूनच माझे हात थरथरायचे, मी लेकीवर उगाच ओरडायचे आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडायचे. तेव्हा तुझा चेहरा आठवायचा. दुपारी तू शेजारच्या काकूंकडे वाती वळायला जायचीस आणि संध्याकाळी आम्हाला घेऊन टेंभी नाक्याच्या देवीला चालत निघायचीस, अगदी टवटवीत. मला वाटायचं, माझीच भक्ती कमी पडतेय.

यंदा घट बसायच्या आधी काकूंना भेटायला गेले, तेव्हा शुगरचं सांगितलं. "आईवर गेलीस," त्या सहज म्हणाल्या. मला काही कळेना. "अगं, तिलाही याच वयात निघालेली. डॉक्टर किती ओरडलेला तिला. मग नवरात्रात दुपारची माझ्याकडे यायची, दार लावून भाकरी-भाजी खायची, गोळी घ्यायची. तुला ठाऊक नव्हतं?"

"आणि वाती?" मी विचारलं.

"त्या मी सकाळीच वळून ठेवायचे."

तेव्हापासून एकच दिवस डोळ्यांसमोर येतोय. मी कॉलेजात आहे, त्या वर्षी तुझ्याबरोबर मीही नऊ दिवस धरलेत. सहावी माळ. मैत्रिणींनी आग्रह केला म्हणून कॅन्टीनमध्ये अर्धा समोसा खाऊन मी घरी येते आणि तुला कांद्याचा वास लागतो. तू मला घटापुढे नाक घासायला लावतेस. मी रडत तिथेच बसलेय आणि तू पदर खोचून काकूंकडे निघतेस. पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीस.

तू जेवलीस याचा राग नाही गं. बरं केलंस, त्यामुळेच आम्हाला थोडी जास्त मिळालीस. पण स्वतःला जपायचं कसं हे तुला कळलं होतं आणि ते तू शेजारच्या बाईला सांगितलंस, पोटच्या पोरीला नाही. स्वतः भाकरी खाल्लीस आणि मला उपाशी ठेवलंस. सासूने असं केलं असतं तर मी चार दिवस बडबडून विसरून गेले असते. तू मला फसवलंस, आई.

आज तिसरी माळ. दुपारी समोरच्या वहिनींकडे जाऊन म्हटलं, पान वाढता का? लसणाची फोडणी दिलेलं वरण, भात, भोपळ्याची भाजी. पोटभर जेवले, गोळी घेतली. किती हलकं वाटलं काय सांगू. घरी आले तर लेक दारातच उभी.

"मम्मी, कुठे गेलेलीस?"

"वहिनींकडे. वाती वळायला."

माझ्या तोंडून हे कसं निघालं, मलाच कळलं नाही. ती मला निरखत म्हणाली, "यंदा तू किती फ्रेश दिसतेस गं. पुढच्या वर्षी मी पण धरणार नऊ दिवस."

तिला खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं, आणि लसणाचा वास येईल म्हणून तसंच मिटलं.