दुसरी हाक

९ मे २००५, सोमवार. कोसमटोला

पोहोचलो एकदाचा! चंद्रपूर ते आलापल्ली एसटी, एटापल्लीपर्यंत जीप, अन् पुढची बावीस किलोमीटर तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराचा ट्रॅक्टर. हाडं खिळखिळी झाली, पण नव्या बोर्डले खरचटलंसुद्धा नाई. मी त्याले फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसलो होतो. ट्रॅक्टरवाला हसला, म्हणे लेकरू आहे काय. मी म्हटलं, हे मोठं आहे, धाकटं महिन्याच्या शेवटी येऊन राह्यलं.

नाहीद, ही वही तू दिली म्हणून तुलेच लिहितो. रोज लिही, वापस आला की लाल पेनानं तपासीन, असं तू म्हणाली. शाळेच्या बाईशी लग्न केलं की उन्हाळ्याच्या सुट्टीतही गृहपाठ सुटत नाई.

काम सोपं आहे. नदीकाठी सिमेंटची एक खोली, भिंतीवर लोखंडी पेटी. पेटीत तळहाताएवढा बोर्ड, म्हणजे एका पाटीवर मावलेला पूर्ण कॉम्प्युटर. त्यानं नदीचं पाणी मोजायचं अन् वाढलं की भोंगा वाजवायचा, म्हणजे खालच्या टोल्यातले, म्हणजे वस्तीतले, लोक वर येतील. मागच्या पावसाळ्यात भोंगा वाजलाच नाई. दोन म्हाताऱ्या वाहून गेल्या.

साहेबांची अट एकच. रोज बारा वाजता टायमर करंट तोडते अन् साडेबाराले वापस देते. जवळ माणूस नसताना बोर्ड आपोआप सुरू झाला पाहिजे, लागोपाठ तीन दिवस. मग चौकीदाराची सही घ्यायची अन् घरी. चौकीदार म्हणजे पोचूभाऊ, साठीचा माणूस, बोलायचे पैसे पडतात असं वाटते. मोडक्या घंटीची सायकल आहे त्याची, शाळेच्या वळणावर आली की खर्र वाजते. त्यानं मले शाळेची खोली उघडून दिली. पोरं सुट्टीवर, पूर्ण शाळा माझी. डॉक्टरीणबाईनं एकोणतीस तारीख सांगतली आहे ना? मी त्याच्या आठ दिवस आधी तुझ्याजवळ असतो, लिहून घे.

११ मे

बोर्ड चढवला तर सुरूच होईना. लाल लाइट लागते अन् बस. पहिले कार्ड पाह्यलं, ज्याच्यात सगळं सॉफ्टवेअर असते. खाचेत नीट बसलं नव्हतं. बसवलं, तर अर्ध्यात जाऊन पुन्हा पहिल्यापासून. मीटर लावला तेव्हा समजलं, बोर्ड जागा व्हायच्या वेळीच सोलरची बॅटरी खाली बसून राह्यली. तिच्या टोकांवर पांढरं साचलं होतं, ते घासून काढलं. तरी पुढं जाईना, तर कार्डावर सॉफ्टवेअर अर्धवटच उतरलेलं. ते पुन्हा भरलं. चार वाजता केबल लावलेल्या लॅपटॉपवर एकेक ओळ सरकायले लागली, अन् शेवटी बोर्डानं लॉगिनसाठी मले नाव विचारलं. मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

जेवण पोचूभाऊच्या घरून येते. भात अन् अंबाडीची भाजी. तो डबा ओट्यावर ठेवते अन् निघून जाते, दारसुद्धा वाजवत नाई. अख्खा टोला पहाटेपासून जंगलात तेंदूपत्ता तोडायले गेलेला असते. दुपारी इथी पाखरू बोलत नाई. मी आज मीटरशी गप्पा मारल्या. तुझा आवाज ऐकून तीन दिवस झाले.

१२ मे

केबल काढली, खोलीले कुलूप लावलं अन् शाळेत येऊन बसलो. एक वाजता जाऊन पाहतो तर बोर्ड मधातच थांबलेला. केबल लावून चालू केला तर शहाण्या पोरासारखा चालू! पुन्हा केबल काढली, करंट तोडून जोडला, दाराबाहेर उभा राह्यलो. थांबला. मी जवळ असलो की चालते, उठून गेलो की रुसते. नऊ महिन्यांपासून मले याची सवय आहे, तू चिडू नको.

१४ मे

रोग सापडला! बोर्ड जागा होताना सगळ्यात आधी एक छोटा प्रोग्राम चालते. तो तीन सेकंद वाट पाहते. तेवढ्यात केबलवरून लॅपटॉपवर दाबलेली एखादी कळ आली तर त्याले वाटते, कोणी माणूस बोलून राह्यला. मग तो सुरू व्हायचं सोडते अन् हुकमाची वाट पाहत बसते. केबल काढली की तिथली पिन मोकळी राहते, अन् मोकळी पिन हवेतलं काहीबाही पकडते. तेच त्याले कळ दाबल्यासारखं वाटते. जुनाच रोग आहे, डिप्लोमाच्या पोरांलेही माहीत असते. उद्या रेझिस्टर लावून पिन बांधून टाकतो.

पोचूभाऊले विचारलं, माझ्याआधी याच कामावर आलेला निकेश इथी किती दिवस होता. म्हणे, बारा. मग घरी गेला काय, तर म्हणे, गेला. पण निकेशच्या चपला शाळेच्या फळ्यामागं पडून आहेत. नव्या आहेत, नऊ नंबर. पोरगा घाईत विसरला असेल.

१५ मे

पिन बांधली. तरी थांबला. दिमाग खराब झाला. संध्याकाळी साहेबांना फोन करावा म्हटलं तर फोन एटापल्लीले. मग तू असती तर काय म्हणाली असती, तेच दोन्हीकडून बोलून पाह्यलं.

१६ मे

आज ऐकायची तार तोडूनच टाकली. आता बोर्डाले तोंड आहे, कान नाई. त्याच्या तोंडाची तेवढी तार लॅपटॉपले जोडली अन् कुलूप लावून शाळेत आलो. एक वाजता लॅपटॉपवर लिहिलं होतं: कळ मिळाली, थांबलो. वेळ बारा बत्तीस, टायमर लॅपटॉपच्या दोन मिनिटं मागं आहे. एकच कळ.

तारच नाई तर कळ आली कुठून? बोर्ड नवा, कार्ड नवं, केबल माझी. जुनी आहे ती फक्त खोली. मी तिथी बराच वेळ बसलो, पण दार लोटून बसावं वाटलं नाई.

१७ मे

शाळेत एकट्यानं बसवेना म्हणून पोचूभाऊसोबत पत्ता तोडायले गेलो. टेंभुर्णीच्या, म्हणजे तेंदूच्याच, झुडपात दहा पावलांवरचा माणूस दिसत नाई, म्हणून सगळे एकमेकांले हाका मारत राहतात. एक गोष्ट पाह्यली. पहिली हाक आली की सगळे चूप. तोडणारा हात तेवढा चालू राहते. दुसरी आली की मग ओ देतात. मले हसू आलं. पोचूभाऊले विचारलं, काऊन असं? तो पानांचा पुडा बांधायचा थांबला.

“माणूस दोनदा हाक मारते, भाऊ. जो एकदाच मारते, त्याले ओ द्याची नाई. ओ देल्ली का तो आपलं दार पाहून घेते.”

मी निकेशचं विचारलं. म्हणे, त्या बाबूलेही सांगतलं होतं, तोही तुमच्यासारखाच हसला होता. मग दुपारी कोणी हाक मारली अन् तो जेवता जेवता उठून नदीकडं गेला, तो वापस आलाच नाई. गिरजाबाईनं, म्हणजे पोचूभाऊच्या बायकोनं, ती हाक ऐकली होती. तिले ती निकेशच्या आईच्या बोलण्यासारखी वाटली. हे मले पहिल्याच दिवशी काऊन सांगतलं नाई, असं मी जरा जोरातच म्हटलं. पोचूभाऊनं पुड्याची गाठ आवळली. म्हणे, तुम्हीही पळून गेले असते, भाऊ, अन् पाऊस तर येणारच आहे.

त्याच्यावर रागावता येईना. मागच्या पावसाळ्यात वाहून गेलेल्या दोघींतली एक म्हातारी त्याची बहीण होती.

१८ मे

हसू नको, पण त्या बोलण्यातूनच इलाज सापडला. छोटा प्रोग्रामच बदलला. एक कळ आली तर लक्ष द्यायचं नाई, दोन आल्या तरच थांबायचं. चढवताना काही चुकलं असतं तर बोर्ड कायमचा मेला असता, जीव मुठीत धरून बसलो होतो. चढला. तोडलेली तार वापस जोडून एक कळ दाबली, ढिम्म. दोन दाबल्या, थांबला. वीसेक वेळा करून पाह्यलं. एक. दोन. एक. दोन. मग ती तार पुन्हा सोडवली. माझ्यामागून येणाऱ्याची पंचाईत नको म्हणून स्क्रीनवर एक ओळही टाकली: थांबवायचं असेल तर दोनदा दाबा. काम कसं साफ पाहिजे.

१९ मे

चालला!! कुलूप माझ्या हातानं लावलं होतं, चावी माझ्या खिशात, अन् साडेबाराले आपोआप सुरू. फळ्यावर मोठ्ठा एक काढला. अजून दोन दिवस, नाहीद, बस.

मग लॅपटॉपवरच्या ओळी वाचल्या. एक कळ आली, सोडून दिली. बारा बत्तीस. हवेतली गडबड असती तर कधी पाच आल्या असत्या, कधी एकही नाई. लॅपटॉप लावून ठेवल्यापासून रोज एकच आली, रोज त्याच वेळेले. रोज कोणी त्याले हाक मारून राह्यलं होतं, अन् बोर्ड रोज ओ देत होता. मले भीती वाटून राह्यली, लपवून काय फायदा.

२० मे

चालला. दुसरा दिवस. फळ्यावर दोन.

पोचूभाऊ सकाळी सायकलनं एटापल्लीले गेला. तुझ्या अम्मीचा नंबर त्याले कागदावर लिहून दिला. म्हटलं, नाहीद कशी आहे तेवढं बूथवाल्याकडून कागदावर लिहून आण. उद्या दुपारी येईल.

बारा तेहतीसले शाळेच्या मागून कोणी हाक मारली.

“जुबेर.”

एकदाच. इथी मले सगळे भाऊ म्हणतात. आवाज ओळखू आला नाई — नाई, तुले खोटं लिहीत नाई. तुझा होता. ओ अगदी ओठावर आली होती. मी स्वतःचा हात चावला. पुष्कळ वेळ थांबलो. दुसरी आली नाई.

बोर्डानं ओ देणं सोडलं, म्हणून आता माझ्याकडं —

२१ मे, सकाळ

आज चालला की झालं. सामान बांधून ठेवलं. पोचूभाऊ आला की सही, अन् त्याच ट्रॅक्टरवर वापस. तुझ्यासाठी चारोळी घेतली आहे पावशेर.

पाऊण वाजता

थांबला आहे.

दोन कळा. बारा बत्तीस. बारा बत्तीस.

मीच शिकवलं. मीच तिथी बसून एक, दोन, एक, दोन. वर लिहूनही ठेवलं, दोनदा दाबा.

टोल्याले सांगायले पाहिजे. सगळे जंगलात आहेत. दुसरी हाक आली की ते ओ देतात, पिढ्यान् पिढ्या — मी काय करून बसलो —

एक वाजता

शाळेत आहे. कडी लावली. रस्ता रिकामा दिसते.

“जुबेरभाऊ.”

पोचूभाऊ! पण नदीकडून. रस्ता तर इकडं — तो आल्याबरोबर पेटी पाहते, म्हणून तिकडून आला असेल. सायकल दिसत नाई. भिंतीआड असेल.

“जुबेरभाऊ.”

दोनदा झाली. दोनदा, नाहीद. आता दोनदाचा काही भरवसा —

म्हणते, फोन लागला. म्हणते, घरून निरोप आहे. पुढं सांगत नाई. थांबला आहे. ओ पाहिजे त्याले.

आठ दिवस आधी झालं काय? पोरगा की पोरगी? की काही बिघडलं, तू — काऊन सांगत नाई? खरा असेल तर दार वाजवेल. पण तो कधीच वाजवत नाई.

ही वही ज्याले सापडेल त्यानं टोल्यात सांगा, दोन हाकांवर आता —

म्हणते, बाईची तब्येत —

मी ओ दिली. नाहीद, माफ कर, मी ओ दिली. मले बस तू कशी आहेस एवढंच —

घंटी. रस्त्याकडून. खर्र. वळणावर पोचूभाऊ, सायकलवर, हातात कागद धरून हलवून राह्यला, हसून राह्यला तो, नाहीद, हसून —

मग दाराशी को