सतरावी पुतळी

२ फेब्रु., सोमवार
माळ कपाटातून काढली. सतरा पुतळ्या, जुनं सोन्याचं नाणं एकेक. धाकट्या जावेच्या, मंदाच्या मुलीचं लग्न वीस तारखेला. भावकीत ही एकच माळ. प्रत्येक नवरीच्या गळ्यात हळदीपासून पाच दिवस, मग परत. जिच्याकडे माळ, तिनं पाच बायकांसमोर मोठ्यानं मोजून द्यायची, तशीच मोजून घ्यायची. सासूबाई गेल्यापासून आठ वर्षं हा मान माझा. लग्नानंतर मंदाचा. ती बँकेत ठेवणार म्हणते. "वयनी, आधी सोनं तपासायच्या मशीनवर दाखवू. मंग कोनाची कटकट नको." बरोबर आहे तिचं.

कड्या झिजल्यात. एका पुतळीच्या काठाला पांढरट डाग. मळ असेल म्हणून चिंचेनं घासला, मग राखेनं. डाग वाढला. मला घासायला मिळालं की थांबता येत नाही.

५ फेब्रु., गुरुवार
शेणव्याहून मुरबाडची एसटी. नाना सोनारांकडे. पंचाहत्तरी उलटली, पण हात बघावेत. बोलताना थरथरतात, पुतळी धरली की थांबतात. एकेक पुतळी बोटाच्या टोकावर तोलली, दगडावर टाकून आवाज ऐकला. घाई नाही. मी तासभर नुसती बघत बसले, चहा गार झाला.

डागवाली दोनदा टाकली. मग भिंग लावलं आणि नाना हसायला लागले.
"बाई, ही आमच्या बाबांची."
"म्हंजे?"
"चांदी हाय. वर सोन्याचं पाणी. बाबांनी हातानं कोरलीय."

नानांनी भिंग माझ्या डोळ्याला लावलं. नाण्यावर उभा माणूस, त्याच्यासमोर वाकलेला दुसरा. परदेशी नाणं म्हणे, पण सा.बाईंना तो राम आणि मारुती. खऱ्या पुतळ्यांवर वर्षानुवर्षं वापरून मारुतीचं नाक गेलंय. खोटीवरही गेलंय. नानांच्या बाबांनी ते गेलेलंच कोरलं होतं. झीजसुद्धा घडवली माणसानं. चोरी सापडल्यावर माणूस थक्क होतो का? मी झाले.

"कोनी करून नेली?"
"तुमच्या सासूनं. मी भाता ओढायला होतो. बाबांनी आठ दिवस दुसरं कायबी हातात घेतलं नाय."

८ फेब्रु., रविवार
यांना सांगितलं नाही. सा.बाई माळ कोणाला घासू द्यायच्या नाहीत. दसऱ्याला स्वतः ओल्या फडक्यानं पुसायच्या. मला वाटायचं, सुनेवर विश्वास नाही. मनात काय काय बोलले असेन त्यांना. आणि ज्या दिवशी माझा हात लागला त्या दिवसापासून मी त्यांचं गुपित खरवडत होते.

मशीनवर गेली की संपलं. अख्ख्या भावकीत त्यांचं नाव चोर म्हणून निघेल. ज्या बाईनं कधी कोणाच्या झाडाची चिंचही उचलली नाही. नाही, हे होऊ द्यायचं नाही.

पण खरी कुठे?

रात्री उत्तर आलं आणि स्वतःचाच राग आला. कमलवन्सं. माझी नणंद, कसाऱ्याला दिलेली. तिच्या काळ्या मण्यांत एकच पुतळी आहे. चाळीस वर्षं बघतेय मी.

१० फेब्रु., मंगळवार
कसारा. वन्सं तांदूळ निवडत होती. मी डाग, नाना, चांदीची पुतळी, सगळं सांगितलं, तिनं सूप खाली ठेवलं.

"लग्नात पाचव्या दिशी माज्या गल्यातून माल काडली तवा मी रडली गो. सगल्या हसल्या. म्होरल्या वर्षाला माहेरी आली तवा आयनं ही घातली गल्यात. बोलली, इचारलं तर सासरची सांग."
"तुला माहीत होतं, माळेत खोटी आहे?"
"नाय गो. मला वाटलं, सोलाच ऱ्हायल्या असतील नि आय सतरा मोजीत असंल."

दोघीही हसलो. मग तिनं पुन्हा सूप हातात घेतलं. मी काही मागितलं नाही. निघताना तिनं भाकरी बांधून दिली.

१३ फेब्रु., शुक्रवार
वन्सं आली. सकाळच्या गाडीनं, न सांगता. रुमालाच्या गाठीत पुतळी. काळ्या मण्यांत मधे नुसता दोरा दिसत होता. बघवेना.

"लाव मालेत. आयचं नाव नको जायाला."
मी हातात घेतली. जड. मग ती म्हणाली, "ती खोटी मला दे. आयनं माज्यापायी केली ती. खरी काय, कोनाचीबी आसती."

हो म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं.

पण काल नानांचा फोन येऊन गेलाय. नाना कधी काही मागत नाहीत. "खरी मिळाली तर बाबांची मला द्याल का? त्यांच्या हातचं एवढंच उरलंय. बाकी सगलं लोकांनी आटवलं." मी काल त्यांनाही अर्धवट हो म्हटलंय.

वन्संला हे सांगितलं नाही. तू थांब, कड्या बसल्या की बघू, असलं काहीतरी पुटपुटले. ती थांबलीय. आतल्या खोलीत झोपलीय, गळा मोकळा.

१४ फेब्रु., शनिवार
उद्या दोघी कड्या बसवायला मुरबाडला जाणार. वन्सं आणि नाना, दोघांनी समोरासमोर आपापलं बोलावं, हेच बरं. नाना दुसरी करून देतील का? त्यांनाच विचारलं तर म्हणतील, बाबांचा हात कुठून आणू.

आज अठराही पुतळ्या ताटात ठेवल्या. माळ आता पूर्ण, मशीनला घाबरायचं कारण नाही. सतरा जणी खऱ्या, त्यांच्याकडे मी एकदाच बघितलं. चांदीची मात्र सारखी उचलत होते. खोटं बोलणार नाही, तिसरी मागणारी मीच आहे. हे उद्या एसटीत वन्संला सांगावं की नाही, ते अजून ठरत नाही.