त्या पानावरची मुलगी

प्रिय ताई,

कागदावरचं पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून लगेच सांगतो: मी धडधाकट आहे, खोली सुटलेली नाही आणि लग्नबिग्नही ठरलेलं नाही. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? ‘असू दे रे ढापण्या, तू जेवलास का?’ म्हणून विषय संपवतेस आणि मीही लाडावलेला धाकटा, संपू देतो. इथे तुला मधे तोंड घालता येणार नाही. एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या आधी. हिरव्या झाकणाची ती पांढरी बाटली आहे ना, स्मरणशक्तीच्या गोळ्यांची, तिच्यातल्या गोळ्या आईला देणं आजपासून बंद कर. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या एकही न चुकवता चालू ठेव, आणि त्यांच्याकडे जाशील तेव्हा ती बाटली सोबत नेऊन त्यांना दाखव. त्या बाटलीबद्दल तू मला चकार शब्द बोललेली नाहीस हे मला माहीत आहे. ती मला कशी ठाऊक, तेही सांगतो, पण मला जरा मागून सुरुवात करू दे, नाहीतर धीर व्हायचा नाही.

छापखाना बंद झाला तेव्हा मी तुला म्हटलं होतं की दोन महिन्यांत दुसरं काहीतरी मिळेल. प्रुफं तपासणाऱ्या माणसाला काय मिळणार? पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं, दुसरं काही येत नव्हतं. मग एका सरांचा क्लास लावला, लॅपटॉपवरच. काम असं, की माल दुसऱ्याचा, दुकानही दुसऱ्याचं, आपण फक्त गिऱ्हाईक दारापर्यंत आणून सोडायचं. त्याने घेतलं तर आपल्याला कमिशन. गिऱ्हाईक आणायचं कुठून, तर लोक इंटरनेटवर काहीबाही शोधतात, त्या शब्दांवर आपण आधीच बोली लावून ठेवायची. कोणी ‘पाठदुखीसाठी गादी’ असं टाइप केलं की उत्तरांच्या वर आपली जाहिरात दिसते. त्याने तिच्यावर क्लिक केलं की आपल्या खिशातून पैसे गेले, मग तो गादी घेवो न घेवो. जाहिरातीवरून तो येतो आपल्या पानावर. तिथे आपण मालाबद्दल चार शब्द बरे लिहायचे आणि खाली दुकानाचं बटण ठेवायचं. एवढाच धंदा.

माझी पहिली जाहिरात गाद्यांचीच होती आणि तिची फजिती तुला ठाऊक आहे. मी नुसता ‘गादी’ हा शब्द घेऊन ठेवला आणि कोणत्या शोधांवर जाहिरात दाखवू नका ते सांगायला विसरलो. तीन दिवसांत सगळे पैसे संपले. मग कळलं की माझी जाहिरात बघणारे लोक ‘गादीतले ढेकूण’, ‘गादी उसवली तर कशी शिवायची’ आणि ‘मांजराने गादी ओली केली’ असलं काय काय शोधत होते. त्यातल्या एकालाही नवी गादी नको होती. तू फोनवर इतकी हसलीस की मागून आईने विचारलं, कोण आलंय. पुढे कितीतरी दिवस तू मला ढेकणांचा शेठ म्हणत होतीस. मला बरं वाटायचं. तुझं हसणं तेव्हाच कमी झालेलं होतं, पण मी ते कधी मनावर घेतलं नाही.

त्या फजितीमुळे मी एक गोष्ट शिकलो. या कामात रोज सकाळी एक यादी बघता येते: लोकांनी शोधताना नेमके कोणते शब्द टाइप केले. नावं नसतात, नुसती वाक्यं. मला ती यादी वाचायचा नाद लागला. प्रुफं वाचायची सवय, त्यामुळे एकेक ओळ बोट ठेवून वाचायचो. माणसं त्या रिकाम्या चौकटीत जे लिहितात ना ताई, ते घरातल्या कुणाशीही बोलत नाहीत. ‘नोकरी गेली नवऱ्याला सांगितलं नाही झोप येत नाही.’ ‘पाठ दुखते डॉक्टरकडे जायची भीती.’ मी गाद्या विकत होतो आणि हे वाचत होतो. वाचून वाईट वाटायचं, खोटं नाही सांगत. पण सर म्हणायचे की यादीत ज्याचं दुखतंय तोच आपला माणूस, त्याला दहा दुकानं फिरायला वेळ नसतो. मी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

गादीवर कमिशन शेकडा सहा होतं. त्या गोळ्यांवर चाळीस. हे मी तुला फोनवर सांगितलं नव्हतं. नवीन काम चाललंय, बरं चाललंय, एवढंच म्हणालो होतो. गोळ्या झाडपाल्याच्या आहेत, अपाय तर होणार नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं. त्या कुणी तपासल्या, कधी तपासल्या, हे मी कंपनीला विचारलं नाही. अनुस्वार राहिला तर ज्याला दिवसभर चैन पडत नसे, त्या माणसाने एवढं विचारलं नाही. जाहिरात दोनदा नाकारली गेली. तिसऱ्यांदा मी ‘उपाय’ काढून ‘आधार’ घातला आणि ती पास झाली. मग मी शब्द घेतले. ‘आई नाव विसरते.’ ‘आई तेच तेच विचारते.’ ‘आई मला ओळखत नाही काय करू.’ हा शेवटचा सगळ्यांत स्वस्त होता, कारण त्यावर दुसऱ्या कुणाची बोलीच नव्हती. मला वाटलं, घबाड मिळालं. दुसऱ्या कुणी तो का घेतला नसेल, याचा मी विचार केला नाही.

पान लिहायचं होतं. आधी मी ते स्वतःच्याच आवाजात लिहिलं, एका मुलाच्या. सरांनी वाचलं आणि म्हणाले, ‘मुलगा नको हो. आईला काय होतंय हे मुलांना कुठे माहीत असतं? मुलगी लिहा, सांभाळणारी.’ ते सहज बोलून गेले. मला ते लागायला हवं होतं, पण लागलं नाही. मला फक्त प्रश्न पडला, की सांभाळणाऱ्या मुलीचं मला काय माहीत? आणि मग आठवलं, की मला रोजचं सगळं सांगणारी एक आहे.

ताई, त्यानंतरच्या सहा रविवारी मी तुला जे फोन केले, ते कागद-पेन घेऊन केले. तुला आठवत असेल, मी खूप विचारायला लागलो होतो. सकाळी उठल्यावर आई आधी काय करते, चिडते तेव्हा काय म्हणते, तुला कोण समजते. तू खूश झालीस. ‘हल्ली आईचं फार विचारतोस रे, बरं वाटतं,’ असं म्हणालीस. तू सांगत होतीस आणि मी उतरवून घेत होतो. एकच टॉवेल ती वीस वेळा घडी करते ते. किल्ल्या पिठाच्या डब्यात लपवते ते. दवाखान्याच्या काउंटरवरून तू अर्ध्या दिवसाने घरी येतेस आणि ती दारातच विचारते, ‘बाई, तुमचं घर कुठे?’ हे सगळं त्या पानावर आहे. एकच गोष्ट मी गाळली. चष्म्याचं घर कानाला लावून ती ‘थांबा, लाइन जोडून देते’ म्हणते, ते. सगळी हयात टेलिफोन ऑपरेटर म्हणून घालवलेल्या अशा आया किती असणार? ते वाचलं असतं तर तू ओळखलं असतंस. म्हणजे मी काय करतोय हे मला पुरतं कळत होतं. कुणी म्हणालं की धाकट्याच्या लक्षात आलं नसेल, तर ऐकू नकोस.

पान चाललं. लोक पूर्ण वाचायचे, अगदी शेवटपर्यंत, आणि बटण दाबायचे. सरांनी माझं पान क्लासात दाखवलं. पहिलं मोठं कमिशन आलं तेव्हा मी आईसाठी ती हात असलेली मऊ खुर्ची पाठवली, आणि तू शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलीस. धाकट्याने पाठवली म्हणून. मी फोनवर ऐकत होतो. तेव्हा सांगून टाकायला हवं होतं.

गेल्या मंगळवारी सकाळी त्या पानावरच्या पत्त्यावर एक निरोप आला. पानाच्या तळाशी ‘मला लिहा’ म्हणून एक चौकट ठेवायची असते. त्याने लोकांचा विश्वास बसतो, असं सर सांगतात. मला कधी कुणी लिहिलं नव्हतं. निरोप लांबलचक होता आणि खाली तुझं नाव होतं. मी ते नाव दोनदा वाचलं. लिहिलं होतंस, की दवाखान्यात पेशंट नसताना फोनवर शोधत होतीस आणि ‘आई मला ओळखत नाही’ एवढंच टाइप केलंस, मग हे पान वाचून बाटली मागवलीस आणि आईला गोळ्या सुरू केल्यास. ‘तुमचं वाचताना वाटलं, कुणीतरी आमच्याच घरात बसून लिहिलंय,’ असं लिहिलं होतंस. मग जे तू मला वर्षभरात सांगितलं नाहीस, ते पानावरच्या त्या बाईला सांगितलंस. आईने तुला दोनदा मारलं ते. न्हाणीघराचं दार लावून तू नळ सोडून रडतेस ते. अर्धा दिवसही आता जमत नाही, नोकरी सोडावी लागेल ते. आणि मग, ‘मला एक भाऊ आहे, गुणी आहे, पण लांब असतो. त्याचं आत्ता कुठे बस्तान बसतंय, म्हणून त्याच्या कानावर घालत नाही.’

मी त्या बाईच्या नावाने तुला लगेच एक ओळ पाठवली, की डॉक्टरांच्या गोळ्या कृपा करून बंद करू नका. पुढे लिहायची हिंमत झाली नाही. तासाभरात तुझं उत्तर आलं, की धन्यवाद, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललंय. त्यानंतर मी जाहिरात बंद केली, पान पुसून टाकलं आणि कंपनीला कळवलं. पण त्या पानावरून त्रेसष्ट जणांनी बाटल्या घेतल्या आहेत, आणि त्यांचे पत्ते माझ्याकडे नाहीत. आम्हाला फक्त आकडा दिसतो. बाकीचे बासष्ट जण कोण, त्यांच्या घरी काय चाललंय, मला कधीच कळणार नाही. कंपनीने त्यांना कळवावं म्हणून मी तीनदा लिहिलं, उत्तर नाही. त्रेसष्टावी तेवढी मला माहीत आहे.

त्या बाईला तू तीन प्रश्न विचारले होतेस आणि हे पत्र म्हणजे त्यांची उत्तरं आहेत. अशी कुणी बाईच नाही, त्यामुळे मलाच द्यायला हवीत. पहिला, फरक पडायला किती दिवस लागले. फरक पडला नाही, कुणाच्याच आईला पडल्याचं मला ठाऊक नाही, तो सगळा मजकूर माझा आहे. दुसरा, डॉक्टरांच्या गोळ्यांनी आईला झोप येते, त्या बंद करू का. नाही, झोपेचं डॉक्टरांना सांग. तिसरा प्रश्न वाचून मी खुर्चीवरून उठलो ते अजून नीट बसलेलो नाही. ‘चाळिसाव्या दिवशी तुमची आई तुमच्या गालाला हात लावून “किती दमलीस गं” म्हणाली, ती खरंच म्हणाली का? माझी एकदा तसं म्हणाली ना, तर मला बाकी काही नको.’ नाही ताई, म्हणाली नाही. पान कसं संपवावं सुचत नव्हतं, म्हणून मी डोळे मिटून तुला समोर आणलं आणि तुला काय ऐकायला आवडेल ते लिहिलं. म्हणजे मला ते माहीत होतं. इतके रविवार फोन कानाला लावून मला ते माहीत होतं, आणि तुला म्हणायचं सोडून मी ते परक्यांना वाचायला दिलं. आई आता ते म्हणेल असं मला वाटत नाही, म्हणून माझ्याकडून ऐक, माझी लायकी नसली तरी ऐक: किती दमलीस गं तू. या रविवारी मी फोन करणार नाही, सामान घेऊन येतोय, राहायला. दार उघडावंसं वाटलं नाही तर उघडू नकोस, मी जिन्यात बसेन, तू दवाखान्यात जायला निघालीस की किल्ली माझ्या हातात दे आणि काही न बोलता जा.

तुझाच,
ढापण्या