जामीनदाराचा रकाना

प्रिय भिंगोबा,

बावीस वर्षांनी हे नाव पुन्हा लिहितेय. आता तू दुकानाचा मालक, सगळ्यांचा चष्मेवाले काका. या नावाने तुला हाक मारणारं कुणी उरलं नसेल. पत्र मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय. वाचून फाडून टाकलंस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच.

गेल्या मंगळवारी आमच्या हॉस्पिटलची लॅब मुलांना बघायला खुली ठेवली होती. मी आता तिथली प्रमुख आहे, त्यामुळे बडबड करण्याचं काम माझ्याकडे. मुलांनी रक्ताच्या नळ्या गरगर फिरताना बघितल्या, मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि चहाची वेळ झाली तशी ती पांगली. एक मुलगी मात्र रेंगाळली. चष्मा कपड्याला न पुसता तिने खिशातून मऊ फडकं काढलं आणि काच आधी फुंकून मग हलक्या हाताने पुसली. मी विचारलं, कुणी शिकवलं? म्हणाली, बाबांनी, आमचं चष्म्याचं दुकान आहे. पुढे काही विचारायची गरजच उरली नाही. हनुवटी तुझीच आहे रे. मी तुला ओळखते हे मात्र तिला सांगितलं नाही.

तिने घडी घातलेला एक कागद माझ्यापुढे ठेवला. एका बाजूला लॅब सायन्सची चार वर्षांची डिग्री, दुसऱ्या बाजूला दोन वर्षांचा डिप्लोमा. खाली फी, कर्ज, पगार. अक्षराचं वळण आईकडून आलं असावं, पण चौकोनी आकडे तुझ्यासारखे. हिशोब मांडला होता चांगला, पण शिकत असतानाही व्याज चढत राहतं हे ती विसरली होती. आणि डिप्लोमावाले दोन वर्षं आधी कमवायला लागतात, हेही तिने धरलं नव्हतं. आम्ही दोघींनी बसून ते दुरुस्त केलं. मी तिला काही गुलाबी दाखवलं नाही, खरंच. सुरुवातीची आठ वर्षं डिप्लोमावालाच पुढे असतो. डिग्रीवालीचा पगार नंतर वाढतो, तिच्या हाती विभाग येतो, आणि कामाला लागल्यावर नवव्या वर्षी कुठे तिचं पारडं जड होतं. तिने विचारलं, तोवर काय करायचं? मी म्हटलं, तोवर डबा घरून न्यायचा.

हाच हिशोब आपण दोघांनी कॉलेजच्या मागच्या जिन्यावर बसून केला होता, आठवतं? एकाच आठवड्यात दोघांना डिग्रीचा प्रवेश मिळाला होता. कर्ज होतं पहिल्या बावीस पगारांएवढं. तू तीन वेळा आकडेमोड केलीस आणि तिन्ही वेळा कागद चुरगळलास. मग तू वडिलांच्या दुकानात बसायचं ठरवलंस. त्याचा मला राग नव्हता, कधीच नव्हता. पण त्या रविवारी तुझी आई मला म्हणाली, सून येताना काही आणो न आणो, पण डोक्यावर कर्ज घेऊन यायला नको. तेव्हा तू समोर बसून काचा पुसत राहिलास. एक शब्द बोलला असतास तर मी थांबले असते. कदाचित म्हणूनच बोलला नसशील, असंही मी नंतर स्वतःला समजावून बघितलं.

सात वर्षं हप्ते फेडले. पगाराचा तिसरा हिस्सा हप्त्याला, तिसरा खोलीच्या भाड्याला. खोलीला एक खिडकी, ती शेजारच्या भिंतीत उघडायची. धाकट्या बहिणीच्या लग्नात मी आदल्या दिवशी पोचले आणि दुसऱ्या दिवशी निघाले, रजा परवडत नव्हती. कर्ज माणसाला कंजूष करतं, पैशात नाही तेवढं वेळात. हे तुझ्या मुलीलाही सांगितलं.

आणि एक गोष्ट तिला सांगितली ती तुलाही सांगते, कारण ती घडली त्या दिवशी मला फक्त तुलाच सांगायची होती. एका गरोदर बाईच्या रक्तात प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, फार कमी आहेत, असं मशीनने दाखवलं. डॉक्टर तिचं ऑपरेशन लांबणीवर टाकायला निघाले होते. मला खटकलं. स्लाइड करून बघितली, तर प्लेटलेट भरपूर होत्या, नुसत्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, म्हणून मशीनला मोजता आल्या नव्हत्या. नमुना पुन्हा घेतला, आकडा बरोबर आला. संध्याकाळपर्यंत मूल जन्मलं. मी खोलीवर आले, डबा उघडला, आणि समोर सांगायला कुणी नव्हतं. कागदावरच्या कुठल्याच बाजूला हे बसत नाही, ना जमेच्या, ना खर्चाच्या.

आता हे पत्र का लिहिलं ते. निघताना तुझ्या मुलीने कर्जाचा फॉर्म दाखवला. सगळा भरलेला, फक्त जामीनदाराचा रकाना रिकामा. वीस तारखेपर्यंत बँकेत द्यायचाय आणि तू सही करत नाहीस. कारण विचारलं तर म्हणाली, "बाबा म्हणतात, कर्ज काढून शिकायला गेलेली माणसं परत येत नाहीत." ते तिला समजलं नव्हतं. मला समजलं. म्हणून सांगते. शेवटचा हप्ता भरला त्या दुपारी मी बँकेसमोरच्या फोनवरून तुझ्या घरचा नंबर फिरवला होता. तुझं काय झालं होतं याची मला काहीच खबर नव्हती. फोन एका चिमुरडीने उचलला. म्हणाली, "बाबा दुकानात आहेत. तुम्ही कोण?" मी म्हटलं, चुकून लागला, बाळ. तुझ्याच मुलीने उचलला होता तो. मी परत आले होते रे, फक्त तुला ते कळलं नाही. तिला जाऊ दे. सही कर.

तुझीच,
जिन्यावरची